ज्यास प्रश्नोत्तरावलि पाठ होत नाहीं त्याचें शिक्षण

"ह्या पोराला शिकवून उपयोग काय?" हा प्रश्न आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत बापाच्या, आजीच्या, आणि कधीं कधीं मास्तरांच्याहि तोंडून निघतो. मूल सहा वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं; किंवा बोलतें, पण दहा वेळां सांगितलेलें अकराव्या वेळीं विसरतें; अथवा जन्मापासून डोळ्यांनीं किंवा कानांनीं अधू आहे. घरीं आणखी तीन मुलें आहेत, पाऊस पडला नाहीं, बाप ऊंस तोडावयास जाणार आहे. अशा घरांत हा प्रश्न निर्दयपणानें विचारलेला नसतो. म्हणून विचारणाऱ्यावर रागावण्यापेक्षां प्रश्नच नीट तपासून पाहणें बरें. "उपयोग" हा जो त्यांतील शब्द, त्याच्या भोंवतींच सर्व वाद आहे.

आंधळ्या, बहिऱ्या, मंद बुद्धीच्या किंवा शरीरानें अधू मुलांस त्यांना जमेल त्या रीतीनें शिकविणें ह्यास हल्लीं विशेष शिक्षण म्हणतात. हें कां करावें ह्याचें उत्तर दोन प्रकारांनीं दिलें जातें. एक लौकिक, तें धर्माचें नांव न घेतां विज्ञान, कायदा व मनुष्याची सहजबुद्धि ह्यांवर उभें आहे. दुसरें ख्रिस्ती, तें देवानें मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचें असें उत्पन्न केलें ह्या शिकवणीवर उभें आहे. आमच्यांतील पुष्कळांची अशी समजूत आहे कीं पहिलें उत्तर कोरडें व दुसरें दयेचें, आणि एवढें म्हटलें म्हणजे तुलना संपली. इतिहास पाहतां ती एवढ्यानें संपत नाहीं.

पॅरिस शहरीं सन १७६० च्या सुमारास द लेपे नांवाच्या एका रोमन कॅथलिक पाळकानें दोन बहिऱ्या बहिणींस शिकविण्यास आरंभ केला. त्याचा हेतु उघड उघड धर्माचा होता. विश्वास ऐकण्यानें उत्पन्न होतो असें पौलानें रोमकरांस लिहिलें आहे. त्यावरून पूर्वीं कित्येकांनीं असा तर्क काढला होता कीं ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास विश्वासाची वाट बंद. द लेपे ह्यास हें सहन झालें नाहीं. कान बंद असले तर डोळ्यांच्या वाटेनें आंत जावें असें त्यानें ठरविलें, आणि त्यासाठीं बहिऱ्या मनुष्यांच्या हातांच्या खुणा तो स्वतः शिकला. गुरूनें अगोदर शिष्याचा शिष्य व्हावें लागतें, हें येथें प्रथम दिसलें. पुढें सन १८८० त इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची मोठी सभा भरली. तींत पाळकहि होते व पंडितहि होते, बहिरे मात्र जवळ जवळ नव्हतेच. आणि त्या सभेनें असा ठराव केला कीं शाळांतून खुणांची भाषा काढून टाकून ओठांनींच बोलावयास शिकवावें. ह्या ठरावानें कित्येक पिढ्यांतील मुलांचें नुकसान झालें. सन २०१० त त्याच परंपरेच्या सभेनें त्याबद्दल खेद प्रदर्शित केला. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांस न विचारतां केलेलें काम भक्तीचें असो वा विद्येचें असो, सारखेंच चुकतें.

आतां लौकिक बाजूकडे पाहूं. त्याच पॅरिसमध्यें सन १७७१ त एका जत्रेंत आंधळ्या माणसांस विदूषकाच्या टोप्या व मोठमोठे चष्मे घालून वाद्यें वाजविण्यास बसविलें होतें, आणि लोक हंसत होते. भाषांतराचें काम करणाऱ्या व्हॅलेंटिन आउई ह्या गृहस्थास तें पाहून इतकें दुःख झालें कीं त्यानें पुढें आंधळ्या मुलांची शाळा काढली. त्याच शाळेंत लुई ब्रेल हा आंधळा मुलगा शिकला, आणि सन १८२९ त त्यानें सहा टिंबांची आपली लिपि छापून प्रसिद्ध केली. सन १८०० त रानांत सांपडलेल्या एका मुक्या मुलास इटार्ड नांवाच्या डॉक्टरानें सुमारें पांच वर्षें शिकविलें. मुलगा बोलावयास शिकला नाहीं व डॉक्टर निराश झाला. परंतु त्यानें लिहून ठेवलेलें टिपण त्याचा शिष्य सेगॅं ह्यानें हातीं घेतलें आणि मंद बुद्धीच्या मुलांसाठीं साधनें तयार केलीं. त्यांवरून रोम शहरीं डॉक्टर मारिया मॉंटेसोरी बाईंनीं आपली पद्धति बसविली. आमच्या बालवाड्यांत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवितात, ती युक्ति अशा रीतीनें आली आहे. ज्यांस शिकवून उपयोग नाहीं असें जग म्हणत होतें, त्यांना शिकवितां शिकवितां इतर सर्वांस कसें शिकवावें हें जगाला कळलें! इटार्डला हा उपयोग दिसला नव्हता. त्यानें तसेंच शिकविलें.

आमच्या देशांत हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले. आंधळ्यांची शाळा ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनीं सन १८८७ त अमृतसर येथें काढली. मुंबईंत सन १९०० त, दुष्काळाच्या त्या कठीण दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनीं आंधळ्या मुलांसाठीं शाळा सुरू केली. तीच पुढें दादरची शाळा म्हणून नांवारूपास आली. ह्या शाळा प्रभूच्या नांवानें उघडल्या, परंतु त्यांत शिकविलेली लिपि ब्रेलची होती. आणि मंद बुद्धीच्या मुलांसाठीं मुंबईंत जी जुनी व मोठी शाळा आहे, ती सन १९४४ त वकील आडनांवाच्या एका पारशी जोडप्यानें आपल्या मुलीकरितां काढली. त्या आईबापांचें प्रेम कोणत्या सदरांत घालावें, लौकिक कीं धार्मिक, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं, व ठरविण्याची गरजहि दिसत नाहीं.

तर मग भेद कोठें आहे? "उपयोग" हा शब्द शेवटपर्यंत ओढून नेला म्हणजे तो दिसूं लागतो. लौकिक विचारांत दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊं नये. एक गोष्ट अशी: मुलाला शिकवा म्हणजे तें कमावतें होईल, कोणावर भार पडणार नाहीं. हें खरें आहे, व पुष्कळ मुलांच्या बाबतींत घडतें. परंतु जें मूल कधींच कमावणार नाहीं त्याचें काय? त्या मुलाला हें उत्तर लागू पडत नाहीं, आणि एकदां माणसाची किंमत उपयोगानें मोजूं लागलें म्हणजे ती शून्य ठरविण्यापर्यंत मजल जाते. अमेरिकेंत सन १९२७ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें मंदबुद्धि ठरविलेल्या कॅरी बक नांवाच्या तरुणीस संतति होऊं नये म्हणून तिजवर शस्त्रक्रिया करणें न्याय्य आहे असा निकाल दिला. जर्मनींत सन १९३९ पासून हिटलरच्या सरकारनें अशा लोकांस जगण्यास अयोग्य ठरविलें, आणि सन १९४१ च्या आगष्टपर्यंत ७०,००० वर माणसें विषारी वायूनें मारलीं. तेथें प्रोटेस्टंट पाळक ब्राउने ह्यांनीं सन १९४० त सरकारास निषेधाचा लेख लिहिला, व त्यानंतर त्यांस अटक झाली; रोमन कॅथलिक बिशप फॉन गालेन ह्यांनीं ३ आगष्ट १९४१ रोजीं व्यासपीठावरून ह्या हत्येविरुद्ध उघड उपदेश केला.

ह्या दोघांचीं नांवें घेऊन आम्हांस छाती फुगवितां आली असती. पण सर्व सत्य तसें नाहीं. सन १९३१ त जर्मनींतील ट्रायसा गांवीं प्रोटेस्टंट सेवासंस्थांच्या पुढाऱ्यांची जी बैठक झाली, तींत अशा माणसांस वंध्य करण्यास, कांहीं अटी घालून का होईना, संमति देण्यांत आली होती. आणि मागें जावें तर खुद्द मार्टिन लूथर ह्यांच्या नोंदलेल्या संभाषणांत डेसाउ गांवच्या एका अपंग मुलाविषयीं त्यांचें बोलणें आहे. तें मूल सैतानानें बदलून ठेवलेलें आहे असें समजून त्यास नदींत बुडविण्याचा सल्ला त्यांनीं दिला. ज्या साधूनें कृपेचा सिद्धांत आम्हांस परत मिळवून दिला त्याच्याच तोंडीं हे शब्द आले. त्यानंतर शंभर वर्षांनीं कोमेनिअस नांवाच्या मोरेव्हिअन बिशपानें शिक्षणावर आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं ज्यांची बुद्धि जात्याच दुबळी आहे त्यांस शिक्षण अधिक दिलें पाहिजे, कारण गरज त्यांनाच अधिक आहे. दोघांच्या हातीं पवित्र शास्त्र एकच होतें. एकानें तें ह्या मुलाच्या बाबतींत उघडलें नाहीं; दुसऱ्यानें उघडलें.

लौकिक विचारांतील दुसरी गोष्ट हक्काची. ती फार उंच आहे. इंग्लंडांत सन १९७० पर्यंत कांहीं मुलांवर शिकविण्यास अपात्र असा कायद्यानें शिक्का मारीत. त्या वर्षाच्या कायद्यानें तो पुसला गेला. अमेरिकेंत सन १९७५ त, आणि आमच्या देशांत सन १९९५ त व पुढें सन २०१६ त कायदे झाले. सन २०१६ च्या कायद्यांत दिव्यांगतेचे २१ प्रकार सांगितले आहेत, आणि ज्याची दिव्यांगता शेंकडा ४० किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेंत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. हा कायदा "उपयोग काय?" असें विचारीत नाहीं. मूल आहे, म्हणून त्याचा हक्क आहे; इतकेंच तो म्हणतो. ख्रिस्ती मनुष्यानें हें ऐकून आनंद करावा. आम्ही जें व्यासपीठावरून म्हणत आलों तें सरकारनें आपल्या पुस्तकांत लिहिलें, आणि कित्येक ठिकाणीं आम्हीं स्वतः तें पाळण्यापूर्वीं लिहिलें.

तथापि हक्काच्या हाताला एक मर्यादा आहे. तो दार उघडवितो; आंत बसलेल्यांचीं मनें त्याला उघडवितां येत नाहींत. मुलाचें नांव हजेरीपटावर येतें, तें मागच्या भिंतीशीं बसतें, दुपारीं जेवतें व घरीं जातें. त्याच्याशीं कोणी बोलावें, तें आलें नाहीं तर कोणास चुकल्यासारखें वाटावें, असा कायदा होऊं शकत नाहीं. येथें ख्रिस्ती उत्तराचें काम सुरू होतें, तेंहि आमच्या मनांत तें सरळ असेल तर.

तें नेहमीं सरळ नसतें. योहानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांधाकडे पाहून पाप कोणाचें हें विचारलें. गांवांत शेजारी म्हणतात, मागल्या जन्माचें फळ. आमचे लोक म्हणतात, आईबापांचें कांहीं गुप्त पाप असेल. नांवें निराळीं, प्रश्न एकच. आणि अशा आईला दोन्हीकडून मार. प्रभूनें ती सर्व चौकशीच बंद केली, आणि त्या मनुष्याच्या ठायीं देवाचीं कार्यें दिसावीं असें सांगितलें. परंतु हीं कार्यें म्हणजे केवळ रोग बरा होणें असें समजून आमच्यांतील कित्येक आईबाप मुलाला ह्या सभेंतून त्या सभेंत, ह्या बुवांकडून त्या बुवांकडे हात ठेवविण्यासाठीं नेत असतात. आम्हीं असें पाहिलें आहे कीं त्यांत आठ-दहा वर्षें जातात, शिकण्याचें वय निघून जातें, आणि शेवटीं विश्वास कमी पडला असें सांगून दोषहि त्यांच्याच माथीं मारला जातो. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थनेचें निमित्त करून मुलास शाळेपासून अडवून ठेवणें हा विश्वास नव्हे.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांतील मफीबोशेथाची गोष्ट अशा घरीं वाचावी. योनाथानाचा हा मुलगा पांच वर्षांचा असतां दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनीं लंगडा झाला. दावीद राजानें त्यास बोलावून आणिलें आणि राजपुत्रांच्या पंक्तीस नित्य बसविलें. तो बरा झाला असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. नवव्या अध्यायाचें अगदीं शेवटचें वचन पाहा: तो राजाच्या पंक्तीस जेवीत असे, व दोन्ही पायांनीं लंगडा होता, हें दोन्ही एकाच वचनांत सांगितलें आहे. त्यानें कांहीं उपयोग करून दाखवावा अशीहि अट नव्हती. योनाथानाबरोबर जो करार झाला होता, त्यामुळें त्याला ती जागा मिळाली.

आतां पंक्तीचें नांव निघालें आहे, म्हणून एक अवघड गोष्ट लिहितों. आमचा पंथ पुस्तकाचा पंथ आहे. मिशनरी आले ते छापखाना व शाळा घेऊन आले; वाचावयास शिकणें व ख्रिस्ती होणें हीं आमच्या आजोबांच्या काळीं जवळ जवळ एकच होतीं. हें आमचें भूषण आहे, पण त्याचीच एक अडचणहि झाली आहे. मंडळींत पूर्ण सभासद म्हणून घेतांना आम्ही प्रश्नोत्तरावलि विचारतों, दहा आज्ञा म्हणवितों, विश्वासांगीकार पाठ पाहिजे म्हणतों. ज्या मुलीला हें कधींच येणार नाहीं ती वीस वर्षांची होते, तीस वर्षांची होते, दर उपासनेस आईजवळ बसते, आणि ताट तिच्यापुढून निघून जातें. सरकारी शाळेनें तिला दाखल करून घेतलें. प्रभूच्या मेजाशीं मात्र तिला जागा नाहीं. ज्या धर्मानें मनुष्याची किंमत त्याच्या कर्मावर नाहीं असें सांगितलें, त्याच्याच दारांत ती पाठांतरावर ठरावी हें आम्हांस सलतें.

वडीलमंडळी ह्यावर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय दाखवितात: मनुष्यानें आपली परीक्षा करावी, व शरीर न ओळखतां खाऊं पिऊं नये. आक्षेप गंभीर आहे. परंतु तोच अध्याय थोडा वरून वाचावा. पौल तेथें कोणास दोष देत आहे? ज्यांना पाठ येत नाहीं त्यांस नव्हे. जे आधीं येऊन पोटभर खातात व गरीब भावांची वाट पाहत नाहींत, ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांस लाजवितात, त्यांस तो बोलत आहे. आणि लगेच पुढल्या अध्यायांत तो म्हणतो कीं शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत. आमच्या समजुतीप्रमाणें, जी मुलगी सर्वांना मिळेपर्यंत हातांत भाकर धरून थांबते, आणि शेजारच्या म्हातारीला मिळाली नाहीं म्हणून बोट दाखविते, तिनें प्रभूचें शरीर ओळखलें आहे. तिला शब्द सांपडत नसतील. हें मत सर्व मंडळ्यांस मान्य होईल असें नाहीं. ज्यांस मान्य नाहीं त्यांनीं निदान ह्याचा विचार वडीलमंडळांत करावा, दाराशीं करूं नये.

परंतु पाठ येत नाहीं म्हणून शिकवूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तोहि एक प्रकारचा अव्हेरच आहे. येथें लौकिक शाळेपासून आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं पुष्कळ घेण्याजोगें आहे. विशेष शिक्षक एक काम घेऊन त्याचे लहान लहान तुकडे करितो. हात धुणें हें एक काम नाहीं. तांब्या उचलणें, पाणी ओतणें, हात चोळणें, पुसणें अशीं तीं चार कामें आहेत. एक तुकडा आला म्हणजे तो दुसरा घेतो. जें आलें तें मुलाच्या नांवानें वहींत लिहितो. आणि त्याची तुलना शेजारच्या मुलाशीं न करितां गेल्या महिन्यांतील त्याच्याच कामाशीं करितो. प्रार्थना अशी शिकवितां येणार नाहीं काय? हात जोडणें पहिल्या महिन्यांत; एक नांव घेणें दुसऱ्या महिन्यांत; आमेनच्या वेळीं सर्वांबरोबर मान हलविणें त्यापुढें. गोष्ट सांगतांना मेंढरूं, दिवा, भाकर ह्या वस्तु प्रत्यक्ष हातीं द्याव्या. आमच्या खेडेगांवांत मेंढरांची तरी वाण नाहीं.

दुसरी एक सावधगिरी. अशा कामाला साधुत्वाचें तेज लवकर चढतें, व त्या तेजांत डोळे दिपतात. फ्रान्समध्यें सन १९६४ त ज्यॉं व्हानिए ह्यांनीं मंद बुद्धीच्या माणसांबरोबर एका घरांत राहण्यास आरंभ केला, व त्यांचें काम अनेक देशांत पसरलें. ते सन २०१९ त वारले. पुढल्याच वर्षीं त्यांच्याच संस्थेनें चौकशी करवून असें प्रसिद्ध केलें कीं त्यांनीं आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मिषानें अनेक स्त्रियांचा गैरफायदा घेतला होता. काम चांगलें होतें, आणि तरीहि हें झालें होतें. म्हणून ख्रिस्ती वसतिगृहांत किंवा शाळेंत सरकारी तपासनीस येतो तेव्हां कुरकुर करूं नये. जें मूल आपलें दुःख सांगूं शकत नाहीं त्याच्या भोंवतीं कुंपण जितकें पक्कें तितकें बरें.

राहिलें नांवांचें. गांवांत अशा मुलाला व्यंगावरूनच हांक मारतात: मुक्या, लंगड्या, येडी. कायद्यानें असे शब्द काढून दुसरे घातले आहेत, तें ठीकच झालें. पण मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत त्याचें एक नांव अगोदरच लिहिलेलें आहे. उपदेशकांनीं तें पुस्तक काढून पाहावें व त्या नांवानें हांक मारावी. मग बापाबरोबर एक दिवस जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत जावें. दिव्यांगतेचें प्रमाणपत्र तेथें मिळतें, त्यावांचून हक्काच्या गोष्टी बहुधा कागदावरच राहतात, आणि आमचा शेतमजूर भाऊ अशा खिडकीपुढें एकटा उभा राहिला कीं परत फिरतो. आणि येत्या वर्षीं सभासद होणाऱ्यांचा वर्ग सुरू होईल तेव्हां त्या मुलाचें किंवा मुलीचें नांव यादींत घालावें. परीक्षेच्या दिवशीं पाळकसाहेबांनीं त्याला कांहीं विचारण्यापूर्वीं त्याच्या आईला विचारावें कीं हें मूल "होय" कसें म्हणतें.